तांबड्याच्या पलीकडची मुंबई

डोळे हे निसर्गाने माणसाला दिलेले मोठे वरदान आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. परंतु या वरदानालाही मर्यादा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. सूर्यापासून येणाऱ्या किरणांच्या विस्तीर्ण पट्ट्यातील सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग तेवढा आपल्याला दिसतो. (एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) संगीताच्या भाषेत बोलायचे, तर प्रकाशाचे जेमतेम एक सप्तक आपल्या वाट्याला आले आहे. जांभळा हा त्यातला वरच्या टोकाचा स्वर आणि तांबडा हा खालचा षड्ज. त्या षड्जाच्या खालीही स्वर आहेत. तांबड्याच्या खालचे, म्हणून त्यांना ‘अवरक्त’ किरण म्हणतात. या किरणांनी काढलेले शहराचे छायाचित्र कसे दिसते, तसे का दिसते आणि ते खरे मानावे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

अवरक्त किरणांचा शोध लावला तो विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने, १८०० साली. हा गृहस्थ मूळचा संगीतकार. इंग्लंडमधील बाथ येथे तो ऑर्गन वाजवीत असे. सूर्याकडे पाहण्यासाठी रंगीत काचा वापरताना त्याच्या ध्यानात आले, की काही काचांतून उजेड कमी येतो, पण उष्णता मात्र जास्त जाणवते. मग त्याने लोलकातून प्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला! अंधारातही सूर्याचे काहीतरी येत आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. या किरणांनी निसर्गदृश्यांची छायाचित्रे काढून ती १९१० साली प्रसिद्ध केली, ती रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने. त्या चित्रांत झाडांची पाने हिमासारखी पांढरी दिसत होती. या चमत्काराला आजही ‘वुड परिणाम’ म्हणतात. ‘वुड’ या शब्दाचा लाकडाशी येथे काही संबंध नाही. ते त्या शास्त्रज्ञाचे आडनाव आहे.

आता एक ओळखीची जागा घेऊ. मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेला उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की समोर उच्च न्यायालय, त्याच्या उजवीकडे विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि आणखी उजवीकडे जुने सचिवालय अशी एकोणिसाव्या शतकातील शिखरांची रांग दिसते. न्यायालयाची इमारत आणि सुमारे ८५ मीटर उंचीचा राजाबाई मनोरा, दोन्ही १८७८ साली पुरी झाली. मैदानाच्या पाठीमागच्या बाजूस १९३० नंतरच्या काळातील आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. या दोन्ही शैलींच्या वास्तुसमूहाला युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पूर्वेकडच्या या देखाव्याची छायाचित्रे आपण दिनदर्शिकांवर शेकडो वेळा पाहिली असतील. त्यांत लक्ष जाते ते शिखरांकडे. खालची झाडे म्हणजे चौकटीची नक्षी.

हाच देखावा अवरक्त प्रकाशात टिपला, की सारा क्रम उलटतो. आकाश काळेभोर होते. कमानींखालच्या सावल्या शाईसारख्या गडद होतात. काळ्या दगडाचे न्यायालय काळपटच राहते आणि राजाबाई मनोऱ्याचा कुर्ल्याचा पिवळसर दगड उजळतो. परंतु सर्वांत लखलखतात ती झाडे! मैदानाच्या कडेचे पामवृक्ष, पावसानंतरचे हिरवे गवत, इमारतींमधून डोकावणारी एखादी फांदी, ही सारी जणू आतून दिवा लावल्यासारखी पांढरी होतात. इतकेच नव्हे, तर मैदान ओलांडून न्यायालयाकडे निघालेल्या वकिलांचे काळे कोटही कित्येकदा फिकट दिसतात. कारण कापडाला दिलेले पुष्कळसे काळे रंग डोळ्यांना काळे असले, तरी अवरक्त किरण मात्र परत फेकतात.

असे का व्हावे? प्रथम पानांचा विचार करू. पानातील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि त्यावर झाडाचे अन्न तयार करते. हिरवा प्रकाश थोडासा परत येतो, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. अवरक्त प्रकाशाला मात्र हरितद्रव्य अडवीतच नाही. तो सरळ आत शिरतो आणि पानाच्या आतील सच्छिद्र, स्पंजासारख्या थरात पेशींच्या भिंती व हवेच्या पोकळ्या यांवर आपटून चहूकडे विखुरतो. त्यांपैकी जवळजवळ निम्मा भाग परत बाहेर येतो. साखरेचा एकेक कण पारदर्शक असूनही साखरेचा ढीग पांढरा दिसतो, तसाच हा प्रकार आहे. पान वाळून त्याची आतील रचना ढासळली, की हे तेज उतरते. म्हणजे चित्रातील हा पांढरेपणा जिवंत पानाच्या घडणीतून आलेला असतो.

आकाश काळे होण्याचे कारण वेगळे. हवेतील सूक्ष्म रेणू आखूड लांबीचे किरण अधिक विखुरतात. म्हणून तर आकाश निळे दिसते. तरंगलांबी वाढली की हे विखुरणे तिच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात झपाट्याने घटते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश जितका विखुरतो, त्याच्या सुमारे एकदशांशच ८०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश विखुरतो. त्यामुळे निरभ्र आकाशाकडून कॅमेऱ्याला फारसे काही मिळत नाही. सावलीत उजेड येतो तो आकाशाकडून. म्हणून सावल्याही गडद होतात. याच कारणाने विरळ धुरकटपणा भेदून दूरच्या इमारती स्पष्ट होतात. पण दाट धुके किंवा ढग यांतील पाण्याचे थेंब मोठे असतात. त्यांच्यापुढे अवरक्त प्रकाशही हतबल ठरतो. ओव्हलपासून थोडे चालून मरीन ड्राइव्हवर जावे आणि मलबार हिलकडे पाहावे, म्हणजे आणखी एक गोष्ट दिसेल. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून समुद्र काळा. त्यावर करड्या उंच इमारती आणि टेकडीच्या टोकाला राजभवनाकडची झाडी शुभ्र!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अवरक्त म्हणजे उष्णता, तेव्हा या चित्रांत गरम वस्तू उजळ दिसतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपले शरीर किंवा तापलेली गच्ची जे उष्णतेचे किरण सोडते, त्यांची लांबी मुख्यतः आठ-दहा हजार नॅनोमीटरच्या आसपास असते आणि ते टिपायला निराळीच उपकरणे लागतात. आपल्या चित्रात काम करतो तो ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा, वस्तूवरून परत आलेला सूर्यप्रकाशच. झाड पांढरे दिसते ते गरम असल्यामुळे नव्हे.

ज्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी थोडे तंत्र. पूर्वी यासाठी खास फिल्म मिळे. कोडॅकची ‘हाय स्पीड इन्फ्रारेड’ ही कृष्णधवल फिल्म त्यांत प्रसिद्ध होती. तिचे उत्पादन २००७ साली थांबविण्यात आले. ती पूर्ण अंधारातच कॅमेऱ्यात भरावी लागे. परतणारा प्रकाश शोषून घेणारा थर तिच्या पाठीशी नव्हता, म्हणून उजळ वस्तूंभोवती धूसर तेजोवलय येई. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक अवरक्त प्रकाश ओळखू शकतो. पण रंग बिघडू नयेत म्हणून त्यापुढे तो अडविणारी काच बसविलेली असते. तरीही थोडा प्रकाश आत झिरपतोच. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबा. पुष्कळशा मोबाइलमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, रिमोटचा दिवा जांभळट चमकताना दिसेल. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही!

भिंगापुढे ७२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडविणारा फिल्टर लावायचा. तो डोळ्यांना जवळजवळ काळा दिसतो. म्हणून कॅमेरा तिवईवर ठेवून चौकट आधी ठरवावी आणि मगच फिल्टर चढवावा. आतील काच काढलेली नसेल, तर प्रकाशन काही सेकंदांचे द्यावे लागते. तेवढ्या वेळात वाहने पुसली जातात आणि वारा असेल तर फांद्याही अस्पष्ट होतात. अवरक्त किरण भिंगातून किंचित दूर एकवटतात. जुन्या भिंगांवर त्यासाठी तांबडी खूण असे. ती नसेल, तर छिद्र लहान ठेवावे. ओव्हलच्या चित्रासाठी ऑक्टोबरातील निरभ्र दुपार उत्तम. पावसाने हवा धुतलेली असते, पाने ताजी असतात आणि पश्चिमेकडे कललेला सूर्य शिखरांवर समोरून पडतो.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला येथे एक प्रश्न पडणे साहजिक आहे. हे खरे छायाचित्र, की केवळ चमत्कृती? मला वाटते, या प्रश्नातच आपली एक समजूत दडलेली आहे. ती म्हणजे साधे छायाचित्र डोळ्यांसारखेच पाहते. पण तसे ते कधीच नव्हते. जुन्या काचा आणि फिल्म यांना तांबडा रंग दिसतच नसे. त्यांत तांबडे ओठ काळे येत आणि निळे आकाश कोरे पांढरे. आपल्या पणजोबांच्या तसबिरी तशाच आहेत, आणि त्यांना कोणी खोटे म्हटले नाही. प्रत्येक छायाचित्र एका विशिष्ट प्रकाशाची साक्ष असते. कोणत्या प्रकाशाची, हे प्रामाणिकपणे सांगितले म्हणजे झाले. १९६४ च्या ‘आय ॲम क्यूबा’ या चित्रपटात सर्गेई उरुसेव्स्की या छायाचित्रकाराने अवरक्त फिल्मवर ताडमाडांची झाडे अशीच शुभ्र टिपली. तेथे ती कविता झाली.

हीच साक्ष दुसरीकडे विज्ञान झाली. १९७० च्या सुमारास केरळात माडांना लागलेला मूळकुजीचा रोग हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांवरून ओळखण्याचा प्रयोग पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली झाला. भारतातील दूरसंवेदनाचा तो आरंभ मानला जातो. हे पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. पुढे मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्यांतही तांबड्याबरोबर अवरक्त पट्टा होता. या दोन पट्ट्यांतील फरकावरून जमिनीवर हिरवाई किती, याचा अंदाज बांधला जातो. आपल्या चित्रात झाड पांढरे होते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने उपग्रहाला शेत आणि रान कळते.

अर्थात या साक्षीलाही उलटतपासणी हवी. शंभर वर्षांचा वड जसा पांढरा, तसाच जुन्या वास्तूच्या भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळही पांढरा. पहिला शहराचे भूषण. दुसरा हळूहळू दगड उचकटणारा. चित्र दोघांनाही एकाच रंगात दाखविते. निवाडा आपणच करावयाचा असतो.

तरीपण एवढे निश्चित, की शहराच्या आकाशरेषेचे अवरक्त चित्र एक हिशेब मांडते. बांधलेले ते करडे, जगणारे ते पांढरे. नेहमीच्या चित्रात एक झाड गेले, तर लक्षात येत नाही. येथे पांढऱ्याच्या जागी काळा खळगा दिसतो. आपल्या महाविद्यालयाच्या गच्चीवरून दरवर्षी ऑक्टोबरात, त्याच जागेवरून, त्याच चौकटीत गावाचे असे एक चित्र घेऊन ते या वार्षिकात छापले, तर दहा वर्षांनी येथे शिकणाऱ्यांच्या हाती दहा पाने असतील. त्यांत पांढरे वाढले की घटले, हे सांगायला मग कोणत्याही लेखाची गरज पडणार नाही.