चष्म्याचा नंबर आणि पारपटलाची शिल्लक

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव लागते. विडी कामगार भगिनींसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत, जानेवारी 2024 मध्ये ज्याची पहिली 15,000 घरे कामगारांच्या हाती आली ते रे नगर आणि अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे हे गाव आता जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. ज्या घरांतील आयांनी जन्मभर मान खाली घालून विड्या वळल्या, त्या घरांतील मुले आज पुस्तकात आणि मोबाइलमध्ये मान खाली घालून बसलेली दिसतात. शिक्षणाबरोबर चष्माही घरात येतो. मुले विशी-बाविशीला पोहोचली की मग एक प्रश्न निघतोच : लेसर करून चष्मा घालवावा का? मुलीच्या बाबतीत तो बहुधा वधू-वर परिचय मेळाव्याच्या तोंडावर निघतो आणि मुलाच्या बाबतीत नोकरीची जाहिरात आल्यावर. दोन्ही वेळी घाई असते, आणि या निर्णयाला घाईच सर्वांत घातक ठरते.

लेसर नेमके काय करते?

डोळ्याच्या सर्वांत पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. बाहेरून येणारा प्रकाश मुख्यतः त्याच्यामुळे वळतो आणि आतील दृष्टिपटलावर एकत्र येतो. डोळा लांबट असला की प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतो आणि दूरचे अंधुक दिसते. चष्मा ही चूक बाहेरून दुरुस्त करतो. लेसर पारपटलाचाच आकार बदलतो.

या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. एक्सायमर लेसरचा अतिनील किरण सजीव ऊती आजूबाजूला न भाजता अत्यंत सफाईने काढून टाकतो, हे त्यांना 1981 मध्ये आढळले. पुढील दशकात या किरणाचा डोळ्यासाठी वापर सुरू झाला. आज तीन पद्धती प्रचारात आहेत. पीआरकेमध्ये पारपटलावरील पातळ आवरण दूर करून वरूनच लेसर देतात. यात पहिले काही दिवस वेदना अधिक असते. लॅसिकमध्ये पारपटलाची एक पातळ पापुद्र्यासारखी झडप उचलून तिच्याखाली लेसर देतात आणि झडप पुन्हा जागेवर बसवतात. स्माइल पद्धतीत झडप न करता लहानशा छेदातून आतील चकती बाहेर काढतात. तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे : पारपटलातून जे काढले ते पुन्हा भरून येत नाही.

जमाखर्च मांडून पाहावा

म्हणून हा निर्णय पारपटलाच्या शिल्लकीवर ठरतो. समजा, मध्यभागी जाडी 540 मायक्रॉन आहे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. लॅसिकची झडप सुमारे 110 मायक्रॉनची. एक नंबर कमी करण्यासाठी साधारणपणे 15 मायक्रॉन थर काढावा लागतो, म्हणजे उणे सहा नंबरासाठी 90. बाकी राहिले 340 मायक्रॉन. झडपेखाली निदान 250 मायक्रॉन शिल्लक राहावेत, असा नेत्रतज्ज्ञांचा रूढ दंडक आहे. हा हिशेब सुरक्षित बसतो.

आता दुसरे उदाहरण घेऊ. जाडी 490 आणि नंबर उणे आठ. झडपेचे 110 आणि लेसरचे 120 वजा जाता 260 उरतात. कागदावर दंडक पाळला गेला. पण मूळ जाडीच्या जवळजवळ 47 टक्के भागाला हात लागला. हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत गेले तरी अनेक तज्ज्ञ सावध होतात. दुबळे झालेले पारपटल पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी फुगून शंकूसारखे पुढे येऊ शकते आणि तेव्हा साध्या चष्म्यानेही दृष्टी पुरी होत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, याला कारण आहे. नागपूरजवळील खेड्यांत तिशीपुढील साडेचार हजारांहून अधिक लोकांची सविस्तर नेत्रतपासणी झाली होती. तीत पारपटलाची सरासरी जाडी सुमारे 514 मायक्रॉन भरली, आणि वक्रतेचा निकष लावता 2.3 टक्के लोकांत शंकूसारख्या पारपटलाची, म्हणजे केरॅटोकोनसची लक्षणे मिळाली. आपल्याकडे अनेकांची आरंभीची शिल्लकच कमी असते, असा याचा अर्थ. त्यात सोलापूरचा कोरडा उन्हाळा आणि धूळ. अशा हवेत मुलांचे डोळे ॲलर्जीने खाजतात, मुले ते चोळतात, आणि सतत डोळे चोळण्याचा केरॅटोकोनसशी संबंध असल्याचे तज्ज्ञ सांगतात. लहानपणापासून डोळे चोळण्याची सवय असेल, नंबर वारंवार बदलत असेल किंवा घरात कोणाला केरॅटोकोनस असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.

लाभ मोठा, तोटा लहान; पण दोन्ही खरे

लेसरचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. योग्य निवड झालेल्या रुग्णांपैकी 95 टक्क्यांहून अधिक लोक निकालावर समाधानी असतात, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले. सकाळी उठताच घड्याळ स्पष्ट दिसणे, पावसात काच न पुसता चालणे यांचे मोल जाड भिंगे वापरणाऱ्यालाच कळते.

मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीतील दुसरे आकडेही वाचले पाहिजेत. आधी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय, चकाकी किंवा दुहेरी प्रतिमा यांपैकी काही ना काही जाणवले. कोरडेपणा नसलेल्यांपैकी 28 टक्क्यांपर्यंत लोकांना तो नव्याने जाणवला. वलय, चकाकी यांसारख्या दृष्टीच्या त्रासामुळे नेहमीची कामे करणे फार अवघड झाले, असे लोक एका टक्क्याहून कमी होते. समाधान आणि त्रास एकाच माणसात नांदू शकतात, हे यावरून कळते. रात्री वाहन चालवणाऱ्याने आणि दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याने हे आकडे आपल्या कामाशी ताडून पाहावेत.

लेसर काय करीत नाही, हेही माहीत असावे. चाळिशीनंतर लागणारा जवळचा चष्मा त्याने टळत नाही. मोठ्या नंबराच्या डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा जो धोका असतो, तोही नंबराबरोबर जात नाही. म्हणून दृष्टिपटलाची तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. पातळ झालेल्या पारपटलामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.

नोकरी, विमा आणि नेत्रदान

सोलापूर हे रेल्वे विभागाचे मुख्यालय असल्याने रेल्वेच्या परीक्षेला बसणारे तरुण येथे पुष्कळ. सहायक लोको पायलट पदाच्या ए-1 वैद्यकीय श्रेणीसाठी चष्म्याविना पूर्ण दृष्टी लागते. पण लॅसिक किंवा नंबर घालवण्याची अन्य शस्त्रक्रिया झालेला उमेदवारही तेथे अपात्र ठरतो. ज्या नोकरीसाठी चष्मा घालवला, तीच नोकरी चष्मा घालवल्यामुळे जावी, यासारखे दुर्दैव नाही. सैन्यदलांचेही वय, जाडी आणि शस्त्रक्रियेनंतरचा काळ यांविषयी नियम आहेत. जाहिरातीतील वैद्यकीय अटी आधी वाचाव्यात.

आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांनुसार 7.5 पेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च मिळत नाही. तेव्हा बहुतेक कुटुंबांना हा खर्च स्वतःच्या बचतीतून करावा लागतो.

अनेक घरांत नेत्रदानाचा संकल्प केलेला असतो. लेसर झालेले पारपटल पूर्ण जाडीच्या रोपणासाठी सहसा घेत नाहीत; पण त्याच्या आतील थराचे रोपण करता येते आणि अभ्यासासाठीही त्याचा उपयोग होतो. म्हणून संकल्प सोडू नये. शस्त्रक्रिया झाल्याची माहिती मात्र नेत्रपेढीला द्यावी.

विचारावे ते प्रश्न

वय अठरा पूर्ण झालेले आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असावा. गर्भारपणात आणि मूल अंगावर पीत असताना ही शस्त्रक्रिया करू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवूनच मोजमाप करावे, अन्यथा मोजमाप चुकते. पारपटलाचा नकाशा काढला का, जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल, अश्रूंची तपासणी झाली का, हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. लेसरचे यंत्र विकत न घेतलेल्या दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांचेही मत घ्यावे. पारपटल पातळ असल्यास डोळ्यात भिंग बसवण्याचा मार्ग काहींना उपलब्ध असतो. त्याचे धोके निराळे असतात. आणि डॉक्टरांनी नकार दिला, तर त्यांचे आभार मानून चष्मा सुखाने वापरावा.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. चष्म्यामुळे नकार देणाऱ्या घराच्या समाधानासाठी निरोगी डोळ्यावर शस्त्रक्रिया करणे योग्य नव्हे. तिला स्वतःला चष्म्याचा जाच होत असेल आणि हिशेब सुरक्षित बसत असेल, तर तिने ती जरूर करावी. संमतिपत्रावर सही तिची असते. निर्णयही तिचाच असावा.

शस्त्रक्रिया झाली, तर आधीचा नंबर, जाडी आणि वक्रता यांचे कागद फाइलमध्ये जपून ठेवावेत. तीस-चाळीस वर्षांनी मोतीबिंदू होईल, तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर हेच कागद मागतील.