मुक्या फियाटचा गळा साफ करताना

आजोबांची जुनी फियाट सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. तुम्ही स्टीअरिंगवरचं हॉर्नचं बटण दाबता, पण काहीच होत नाही. फार तर एक बारीकशी ‘टक्’. गॅरेजवाला म्हणतो, ‘नवा लावून टाका, दहा मिनिटांचं काम.’ जरा थांबा!

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या गाडीची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. घराघरांत उरलेल्या गाड्यांपैकी काही आता ‘व्हिंटेज’ आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे तो जुना हॉर्न भंगार नाही, गाडीचा आवाज आहे.

आधी फ्यूज बघा. मग हॉर्नच्या वायरी सोडवून त्याला 12 व्होल्टच्या बॅटरीवरून थेट करंट द्या. वायरमध्ये फ्यूज हवाच, आणि क्षणभरच हं! वाजला? मग हॉर्न ठणठणीत आहे. दोष बटणात, वायरीत, रिले असेल तर त्यात, नाहीतर अर्थिंगमध्ये. बऱ्याचदा एखादा गंजलेला बोल्टच करंट अडवून बसलेला असतो. पॉलिश पेपरनं घासा, घट्ट करा.

तरीही गप्प? मग हॉर्न खाली उतरवा. स्क्रूचा असेल तर उघडता येतो. रिव्हेटचा असेल तर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. आत एक कॉइल, पत्र्याचा पातळ पडदा आणि दोन छोटे पॉइंट. करंट आला की कॉइल चुंबक होते आणि पडदा ओढते. तो ओढला जाताच पॉइंट सुटतात, करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, तोच आपला ‘पों’! वर्षानुवर्षं गाडी उभी राहिली की पॉइंटवर काजळी, गंज चढतो. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, धूळ फुंकून टाका.

शेवटी मागचा ॲडजस्टिंग स्क्रू. आधी त्याच्या मूळ जागेवर खूण करा. मग अगदी थोडा थोडा फिरवत आवाज ऐका. घाई केलीत तर पॉइंट कायमचे चिकटून राहतील आणि कॉइल जळेल.

आपले मोबाइल, इअरबड्स बिघडले की आपण फेकतो, कारण ते उघडायचेच नसतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या या डबीला मात्र स्क्रू आहेत. बनवणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं, की कुणीतरी कधीतरी ती उघडेल.

तो कुणीतरी तुम्ही व्हा. आणि पहिला ‘पों’ वाजला की वर बघा, आजोबा बाल्कनीत आलेत का.