खरखर माफ, लय नाही

व्हॅन हॅलेन या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम १९७८ साली आला. त्यातला 'इरप्शन' हा गिटारचा तुकडा पावणेदोन मिनिटांचासुद्धा नाही. एडी व्हॅन हॅलेन एका कार्यक्रमाच्या तयारीसाठी स्टुडिओत हात मोकळा करत होता. ते कानावर पडलं आणि ध्वनिमुद्रित करून घेतलं गेलं. उजव्या हाताचं बोट थेट पट्टीवर मारून सूर काढायची 'टॅपिंग'ची तऱ्हा या तुकड्याने जगभर नेली. एवढं असूनही त्यात वरच्या सुरांपाशी आपली एक चूक झाली आहे, याहून चांगलं वाजवता आलं असतं, असं एडी मुलाखतींत सांगत असे. आज गिटार शिकणारी मुलं हा तुकडा जसाच्या तसा बसवतात, म्हणजे ती चूकही इमानेइतबारे घोटतात. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांमधला जुना वाद या एका उदाहरणात सापडतो. एक बाजू म्हणते, प्रत्येक सूर सुटा आणि दाणेदार हवा, न वाजवलेल्या तारा गप्प हव्यात, नाहीतर ते वादन कच्चं. दुसरी म्हणते, फार घासूनपुसून घेतलं की वादनातला जीव जातो. चार सूर निसटले तर निसटू द्यावेत. मला दोन्ही बाजूंचं एकच खटकतं: त्या सगळ्या चुका एकाच पारड्यात टाकतात. आवाजातली खरखर, सुरातला फरक आणि लयीतली चूक या तीन निरनिराळ्या जाती आहेत. हे वाद्य पहिलीला जवळजवळ सरसकट माफ करतं, दुसरीला अर्धीमुर्धी माफी देतं आणि तिसरीला कधीच नाही.

वाद्याचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिकनबॅकरची विजेवर चालणारी गिटार आली, १९३६ मध्ये गिब्सनची ईएस-१५० आली आणि चार्ली ख्रिश्चनने ती जॅझच्या वाद्यवृंदात पुढच्या रांगेत आणून बसवली. १९५० च्या दशकात भरीव लाकडाच्या गिटार आल्या: फेंडरची टेलिकास्टर, गिब्सनची लेस पॉल, मग १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. या सगळ्या काळात बनवणाऱ्यांचा हेतू एकच होता, आवाज मोठा व्हावा पण स्वच्छ राहावा. विजेच्या पुरवठ्यातून येणारी घरघर घालवण्यासाठी गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन वेटोळ्यांचा 'हमबकर' पिकअप तयार केला, तोही याच ध्यासातून.

वादकांना मात्र नेमकं बिघडलेलंच आवडू लागलं. १९५१ मध्ये मेम्फिसमध्ये 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. विली किझार्टचा अ‍ॅम्प वाटेत खराब झालेला. स्पीकरमध्ये कागद कोंबून तो कसाबसा चालवला, आणि त्याचा फाटका, घोगरा आवाज गाण्यात तसाच राहू दिला. १९५८ मध्ये लिंक रेने 'रंबल'साठी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. त्या रचनेत एकही शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली. १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अ‍ॅम्पचा पडदा ब्लेडने चिरला आणि त्यातून 'यू रिअली गॉट मी'चा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, निघाला. मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते १९६१ मध्ये आलेल्या एका गाण्याचं नॅशव्हिलमधलं प्रकरण. मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर एक तुकडा वाजवत होता. मिक्सिंगच्या यंत्रातली एक वाहिनी बिघडली होती आणि आवाज फुटून चिरका येत होता. नॅशव्हिलचे स्टुडिओ म्हणजे सफाईचं माहेरघर. तरीही तो तुकडा पुन्हा न वाजवता ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने पुढे तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. त्यातून १९६२ मध्ये मॅस्ट्रोचं फझ-टोन पेडल बाजारात आलं, आणि १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वापरलं. त्या गाण्याचा रिफ ट्रंपेट-सॅक्सोफोनसारख्या वाद्यांसाठीचा कच्चा आराखडा म्हणून त्याने वाजवला होता; आराखडाच पक्का ठरला. 'रॉकेट ८८'पासून अकरा वर्षांत एक दोष विकत घेण्याची वस्तू झाला. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारमध्ये खरखर चालवून घेतात असं म्हणणं अपुरं आहे. या वाद्याचा आज ओळखीचा असलेला आवाजच तिच्यातून घडलेला आहे.

हे का घडलं, याचं उत्तर ध्वनीच्या गणितात आहे, आणि ते गणित मला फार देखणं वाटतं. अ‍ॅम्पला झेपेल त्याहून जास्त आवाज त्यात घातला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात; यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. शेंडे कापले गेल्यामुळे मोठा आणि लहान आवाज एका पातळीला येतात, सूर लांबतो, आणि एकत्र वाजणाऱ्या दोन सुरांच्या बेरीज-वजाबाकीतून नवे सूर जन्मतात. गिटारची 'ए' तार सेकंदाला ११० कंपनं करते. तिला षड्ज धरलं तर तिचा पंचम १६५ कंपनांचा. दोन्हींची वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. न वाजवलेला खर्ज आपोआप ऐकू येतो. रॉकमधला दणका म्हणतात तो हाच. आता पंचमाऐवजी गंधार घ्या. नैसर्गिक शुद्ध गंधार १३७.५ चा, त्यातून ११० वजा केले तर २७.५, म्हणजे दोन सप्तकं खालचा षड्जच. पण गिटारच्या पडद्यांवर पेटीसारखीच समान अंतराची वाटणी असते, त्यामुळे तिचा गंधार पेटीच्या गंधारासारखाच चढा, १३८.६ चा. वजाबाकी येते २८.६, आणि हा आकडा षड्जाच्या घराण्यातला नाही. साध्या आवाजात हा फरक कान सोडून देतो. डिस्टॉर्शन चढवलं की तिथे चिखल होतो. म्हणून जोरकस रॉक वाजवणारे गंधार गाळून फक्त षड्ज-पंचमाचा 'पॉवर कॉर्ड' वाजवतात. एडी व्हॅन हॅलेनने याहून पुढची युक्ती केली: गंधार ज्या तारेवर यायचा ती 'बी' तार तो जराशी उतरवून लावत असे. ट्यूनरवर ती तार चुकीची दिसेल. त्याच्या अ‍ॅम्पमधून मात्र तीच सुरात लागायची.

इथे मराठी वाचक एक रास्त आक्षेप घेईल. आपल्या संगीतात बेसूरपणाला थारा नाही. कणस्वरही जागच्या जागी लागावा लागतो. मग या खरखरीचं कौतुक आपण का करावं? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडेच मिरजेत आहे. तंबोऱ्याची तार घोडीला केवळ एका बिंदूवर टेकत नाही. ती घोडीच्या रुंद पाठीला घासत कंप पावते, आणि तारेखाली सरकवलेला सुती दोरा नेमक्या जागी आला की झणकार उठतो. गिटारच्या दुकानात तारेचा असा झणकार ऐकू आला तर कारागीर लगेच दुरुस्तीला घेईल. आपण त्याला जवारी म्हणतो, आणि ती जमवण्यात मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या. २०२४ मध्ये तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारीमुळे तारेतले वरचे स्वयंभू सूर उमलतात. डिस्टॉर्शनही तारेत दबलेले वरचे सूर बाहेर काढतं. साधन वेगळं, कानाची भूक एकच. आपल्या परंपरेने ध्वनीतली खरखर आणि सुरातला दोष या दोन गोष्टी कधीच एक मानल्या नाहीत.

सुराच्या बाबतीत माफी अर्धवट आहे असं मी म्हटलं, त्याचं कारण ब्लूज. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. तार बोटाने ताणून तिथे पोचावं लागतं. बी. बी. किंग तार ताणून सुरावर थांबायचा तेव्हा त्या आंदोलनाची रुंदी आणि वेग ठरलेला असे. तो पडद्यांना मानत नव्हता, सुराला मानत होता. जिमी हेंड्रिक्स तारा ढिल्या करणारा दांडा इतका वापरायचा की गिटार वाजवता वाजवता उतरायची, आणि तो गाणं न थांबवता खुंट्या पिळून ती पुन्हा लावून घ्यायचा. उतरलेली गिटार त्याला खपत नव्हती, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? पडद्यांच्या मधली जागा मुद्दाम गाठणं आणि इष्ट सुराच्या अलीकडेच दमून थांबणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या प्रकाराला 'भावना' म्हणून खपवणारे वादक पुष्कळ आहेत. तो निव्वळ बेसूरपणा आहे.

आता लय. अपूर्णतेचे समर्थक ज्याचं नाव हटकून घेतात तो जिमी पेज. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बममधलं 'हार्टब्रेकर' काढून ऐका. मधेच बँड थांबतो आणि पेज एकटा उरतो. पुल-ऑफ घेताना, म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेवरून ओढून सूर काढताना, काही सूर गिळले जातात, काही अर्धे फुटतात, एके ठिकाणी तो गिटारच्या मानेच्या टोकाशी असलेल्या नटच्या पलीकडे तार दाबून सूर वर ढकलतो. कुठल्याही परीक्षेत याला गुण कापले जातील. पण वाक्य कुठे चढणार, कुठे श्वास घेणार, याबद्दल तो क्षणभरही गोंधळत नाही, आणि बँड परत येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा पाय चुकत नाही. हाच सोलो मंचावर पाहून टॅपिंगची कल्पना सुचली, असं एडी व्हॅन हॅलेनने सांगितलं आहे. शिवाय हा 'गचाळ' म्हणवला जाणारा पेज लेड झेपेलिनच्या आधी लंडनच्या स्टुडिओंतला मागणी असलेला भाडोत्री वादक होता. समोर आलेलं गाणं ठरल्या वेळात बिनचूक वाजवून उठायचं, हे त्याचं पोट भरण्याचं काम होतं. पेज लयीत पुढे-मागे होतो असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. पण तो सरकतो तो जॉन बॉनमच्या ड्रमच्या संदर्भात, आणि तो संदर्भ ठाम आहे. ठेका माहीत असून त्याच्याशी खेळणं निराळं आणि ठेका हातातून सुटणं निराळं. नील यंगचंही तसंच. १९६९ च्या 'सिनॅमन गर्ल'मधला त्याचा सोलो जवळजवळ एकाच सुराचा आहे. सफाई दाखवायला त्यात जागाच नाही, सगळा भार आघातावर.

उलट टोकाला जेम्स हेटफिल्ड. मेटॅलिकाच्या १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चा रिफ तो मिनिटाला २०० हून जास्त ठोक्यांच्या वेगाने, पिकचे फक्त खालचे फटके मारत वाजवतो. इथे सफाई अत्यावश्यक आहे, आणि कारण वर सांगितलंच: डिस्टॉर्शनमध्ये लहान-मोठा आवाज एका पातळीला येतो, त्यामुळे शेजारच्या तारेला नकळत लागलेलं बोटही मूळ सुराइतकंच ओरडतं. त्या रिफचा अर्धा जीव दोन फटक्यांमधल्या शांततेत आहे. ती शांतता तळहाताने तारा दाबून कमवावी लागते. मोकळी राहिलेली तार तिथे घणघणली तर ती खरखर राहत नाही, लयीतलं भगदाड होते. खरखरीला दिलेली माफी अशी लयीच्या दारात संपते.

आणखी एक आक्षेप वजनदार आहे. गाजलेल्या गाण्यांतल्याच चुका आपल्या कानावर येतात. ज्या चुकांनी गाणी बुडाली त्या कुणाला ठाऊक? हे मला मान्य आहे. चुकीमुळे गाणं मोठं होतं असा दावा करताच येणार नाही. पण सफाईमुळे तरी ते मोठं होतं का? स्टीली डॅनच्या १९७७ च्या 'पेग' या गाण्याकडे पाहा. काटेकोरपणासाठी प्रसिद्ध असलेल्या या जोडगोळीने त्या सोलोसाठी एकामागून एक नामांकित वादक बोलावले आणि नाकारले. अखेर जे ग्रेडनचा सोलो ठेवला. नाकारलेले वादक सफाईत कुणाला हार जाणारे नव्हते. स्वच्छ वाजवणं ही त्या स्टुडिओत प्रवेशाची अट होती, निवडीचं कारण दुसरंच काही होतं. संगणकावर आज प्रत्येक फटका ठोक्याच्या रेघेवर सरकवता येतो, हुकलेला सूर एकटा पुन्हा वाजवून मधे चिकटवता येतो. त्यात सूर दुरुस्त होतो, पण एका दमात वाजलेल्या वाक्याचा उतार-चढाव तुटतो. हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे, चुका या क्रमाने दुरुस्त करा. स्वतःचं वादन फोनवर ध्वनिमुद्रित करून पहिल्यांदा फक्त पायाने ठेका धरून ऐका, आणि पाय जिथे अडखळेल तिथे खूण करा. आठवडाभर तेवढंच सुधारा. मग ताणलेल्या तारा तपासा: जिथे पोचायचं तो सूर आधी पुढच्या पडद्यावर साधा दाबून वाजवा, नंतर तार ताणून तिथे पोचा, आणि दोन्ही कानाला एक लागेपर्यंत पुढे जाऊ नका. बोटांच्या घासण्याचा, शेजारच्या तारेच्या कुजबुजीचा हिशेब सगळ्यांत शेवटी करा, आणि ती कुजबुज विरामाच्या जागा बुजवत नसेल तर तिच्यावर वेळ घालवू नका.