मोठ्या टायरचा पुरा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडावर आमचे एक स्नेही तक्रार घेऊन आले. महाडच्या बाजूला ते स्वतःची बोलेरो चालवतात. लग्नाचे वऱ्हाड, मुंबईच्या इस्पितळात न्यायचा पेशंट, विमानतळावर सोडायचा आखाती प्रवासी, मिळेल ते भाडे घेतात. गाडीवर बँकेचा हप्ता अजून चालू आहे. जुने टायर झिजले म्हणून त्यांनी चारी टायर बदलले आणि दुकानदाराच्या सल्ल्याने मूळच्यापेक्षा एक माप मोठे घेतले.

"गाडी दिसते झकास," ते म्हणाले, "पण पूर्वी बाराचे अ‍ॅव्हरेज देत होती, ती आता अकराच्या पुढे जेमतेम सरकते. टायरवाल्याने फसवले की पंपवाल्याने, तेवढे सांगा भाई."

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. फसवले कोणीच नव्हते, पण पुरते सांगितलेही कोणी नव्हते. आमच्या वाचकांत गॅरेज, टायर, पंक्चर आणि सुट्या भागांच्या धंद्यातले बरेच जण आहेत, आणि गाडीवर रोजी कमावणारे त्याहून जास्त. म्हणून तो हिशेब येथे मांडत आहोत.

मापाचा अर्थ

बोलेरोचा मूळ टायर २१५/७५ आर १५ या मापाचा. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ हा टक्का आहे, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्का आणि इंच असा तिहेरी कारभार असल्यामुळे दुकानात वर्षानुवर्षे बसणाऱ्यांचाही कधीकधी गोंधळ होतो.

आता बेरीज करू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. २१५ चे ७५ टक्के १६१.२५, भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, ३२२.५. एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर. स्नेह्यांनी बसवलेला टायर २३५/७५ आर १५. त्याचा व्यास याच रीतीने ७३३.५ येतो. फरक ३० मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार टक्के. गाडी वर उचलली जाते ती मात्र या फरकाच्या निम्मी, १५ मिलिमीटर, कारण आसाच्या खाली अर्धाच टायर असतो. इंचभर गाडी उचलली जाईल असे सांगून कोणी हे माप विकत असेल, तर तो अर्ध्या इंचापेक्षा थोडे जास्त देऊन एक इंचाचे पैसे घेतो आहे.

मीटर काय मोजतो

गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, तो फिरणे मोजतो. चाक किंवा गिअरबॉक्सचा दांडा किती वेळा फिरला यावरून तो अंतर ठरवतो, आणि त्याच्या हिशेबात टायर मूळ मापाचाच असतो. मूळ टायर एका किलोमीटरला सुमारे ४५२ वेळा फिरतो, मोठा टायर ४३४ वेळा. म्हणजे गाडी एक हजार किलोमीटर धावली तरी मीटरवर ९५९ च उमटतात.

आमच्या स्नेह्यांचे अ‍ॅव्हरेज मीटरप्रमाणे ११.२ येत होते. त्यात सव्वाचार टक्के मिळवले की खरे ११.७ निघते. बारावरून झालेल्या घसरणीतली मोठी घसरण फक्त मीटरवरची होती. डिझेल खरोखर जास्त गेले ते थोडेच. जड टायर फिरवायला आणि रुंद रबर ओढायला इंजिनाला तेवढे लागणारच. (येथे एक पुस्ती जोडतो. झिजलेला टायर नव्यापेक्षा सहा-सात मिलिमीटरने पातळ झालेला असतो, म्हणजे व्यासात दीड-दोन टक्के लहान. त्यामुळे जुन्या टायरवर मीटर थोडे जास्त अंतर दाखवत होता आणि बाराचा आकडाही थोडा फुगलेला होता. खात्री करायची असेल तर महामार्गाचे किलोमीटर दगड धरून पन्नास किलोमीटर गाडी चालवावी आणि मीटरशी ताडून पाहावे.)

अ‍ॅव्हरेजचे कोडे सुटल्यावर ते उठायला निघाले. आम्ही त्यांना पुन्हा बसवले, कारण खरा तोटा पुढे होता. त्यांचे भाडे किलोमीटरवर ठरते आणि किलोमीटर मीटर सांगतो. वर्षाला गाडी ४० हजार किलोमीटर धावते असे धरा. मीटर दाखवणार सुमारे ३८,३६५. उरलेले १,६३५ किलोमीटर गाडी धावली, डिझेल जळले, टायर झिजले, झोप मोडली, पण भाडे मिळाले नाही. किलोमीटरला १५ रुपये दर धरला तर ही रक्कम साडेचोवीस हजारांच्या घरात जाते. नव्या टायरसाठी त्यांनी मोजलेल्या रकमेशी ती ताडून पाहा म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सर्व्हिसिंगचेही तसेच. दहा हजारांवर तेल बदलायचे असेल तर मीटर दहा हजार दाखवीपर्यंत गाडी १०,४२६ धावलेली असते. वेगाचा काटाही मागे राहतो. काटा ८० वर असतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असते. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वाहन नियमात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये अशी अट आहे, आणि म्हणून कारखानदार काटा सहसा थोडा पुढेच ठेवतात. मोठ्या टायरने ती शिल्लक खर्च होते. शिल्लक किती होती हे गाडीमालकाला ठाऊक नसते. ते दंडाची पावती आल्यावर कळते.

घाटात काय होते

टायरचा व्यास वाढवणे म्हणजे प्रत्येक गिअर थोडा उंच करणे. इंजिन तेच, त्याची ताकद तीच, पण चाकाच्या कडेला पोचणारी ओढ सुमारे चार टक्क्यांनी कमी. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. उलट वरच्या गिअरमध्ये इंजिन थोडे निवांत चालते आणि चालक खूष होतो. वरंध किंवा आंबेनळी घाटात सात माणसे आणि टपावर सामान घेऊन चढताना मात्र जिथे दुसरा गिअर पुरत होता तिथे पहिला टाकावा लागतो. नाही टाकला तर चालक अर्धा क्लच दाबून गाडी ओढतो, आणि क्लच प्लेट वेळेआधी जळते.

उतारावर याचीच दुसरी बाजू दिसते. ब्रेक चाकाला मध्यापासून ठरावीक अंतरावर धरतो. चाक मोठे झाले की त्याच पकडीत जमिनीवर मिळणारा रोध तेवढाच कमी होतो. चार टक्के म्हणजे फार नव्हे, पण टायर जड असेल तर तो थांबवायलाही जास्त जोर लागतो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, आणि त्याचेही गणित मूळ चाकावरच बेतलेले असते. एक माप मोठ्या टायरने एबीएस निकामी होत नाही. दोन-तीन मापे ओलांडणाऱ्यांनी मात्र कंपनीच्या कार्यशाळेत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रुंदीचीही एक गंमत आहे. रुंद टायर पावसात जास्त पकड देतो असा सर्रास समज आहे. रुंद टायरला तेवढेच जास्त पाणी बाजूला सारावे लागते. खाचा झिजलेल्या असतील तर तो अरुंद टायरच्या आधी पाण्यावर तरंगू लागतो. वाळूत रुंद टायर हवा थोडी कमी करून छान चालतो, आखातात राहून आलेल्यांनी ते पाहिले आहे. पण कोकणातल्या रस्त्यावर वाळवंट नाही, लाल चिखल आहे आणि त्याखाली टणक जांभा. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली पाय रोवतो.

दुकानात काय पाहावे

टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरते वळवून पाहणे ही पहिली गोष्ट. रिकाम्या गाडीत नव्हे, माणसे बसवून. मडगार्डच्या आतल्या अस्तराला, मडफ्लॅपला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला टायर घासत असेल तर तो भरल्या गाडीत खड्ड्यावर घासतोच. काही दुकानदार घासणे टाळायला रिम आणि हब यांच्यामध्ये स्पेसर नावाची चकती घालून देतात. चाक बाहेर सरकते, घासणे थांबते, आणि सगळा भार बेअरिंग व बोल्टवर आडवा पडू लागतो. हा उपाय आम्हाला मुळीच पसंत नाही.

दुसरी गोष्ट स्टेपनी. आमच्या स्नेह्यांनी चारच टायर घेतले. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली. बोलेरोचा मागचा आस सारख्या चाकांसाठी केलेला आहे. एका बाजूला ७३३ आणि दुसऱ्या बाजूला ७०३ मिलिमीटरचे चाक लावून मुंबईपर्यंत गेलात तर डिफरन्शियलमधले दाते सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, जे खरे म्हणजे वळणावरच फिरायचे असतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर फोर-व्हील लावून डांबरी रस्त्यावर असे चालणे म्हणजे ट्रान्स्फर केसची वाट लावणे. घ्यायचे तर पाच घ्यावेत. आणि पाचवा, जड टायर मागच्या दारावर लटकणार हेही ध्यानात असू द्यावे. दाराच्या बिजागऱ्या मूळ वजनासाठी आहेत.

तिसरी गोष्ट टायरवरची अक्षरे. मापापुढे १०५ एस असे काही छापलेले असते. १०५ म्हणजे एक टायर ९२५ किलो पेलू शकतो, १०० म्हणजे ८०० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. नवा आकडा मूळच्यापेक्षा कमी नसावा. तो जास्त असला म्हणून गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही. पाटे, आस आणि ब्रेक तेच आहेत. याच भ्रमातून पुष्कळ जण जास्त माल भरतात. चार आकडी तारीखही वाचावी: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात नव्या गाडीचे उतरवलेले टायर विकत घेणाऱ्यांनी तर ही तारीख आधी पाहावी, किंमत नंतर विचारावी.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखानदाराने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मालवाहू वाहनाच्या नोंदणीत टायरची संख्या आणि मापही लिहिण्याची जागा असते, तेव्हा पिकअपवाल्यांनी जास्तच जपावे. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा; अपघातानंतर सर्व्हेअरने टायरचे माप टिपले आणि पॉलिसीत त्याचा पत्ता नसला की दावा अडतो.

सुरक्षित वाट एकच आम्हाला दिसते. त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने स्वतः दिलेले मोठे माप घ्यावे. २०२० साली आलेल्या थारमध्ये कंपनीनेच २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापे दिली. दोघांच्या व्यासात फरक १.९ टक्के. धंद्यात जाणते लोक तीन टक्क्यांच्या आत राहा म्हणतात, ते याच्याशी जुळते. उलट स्कॉर्पिओच्या २३५/६५ आर १७ ऐवजी २६५/६५ आर १७ बसवणारे ५.३ टक्क्यांवर जातात. रुबाब येतो, नाही असे नाही.

धंद्याची बाजू

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ किंमत दहा हजार असलेला टायर १२,८०० ऐवजी ११,८०० ला पडतो. वाचलेल्या हजार रुपयांत एक माप वर जाऊ या, असे गिऱ्हाईक सहज म्हणते, आणि मोठ्या टायरवर दुकानदाराचा नफाही बरा असतो. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले, त्यामुळे भलती मोठी परदेशी मापे पूर्वीइतकी सहज मिळत नाहीत. तेव्हा ती आणून देण्याचा वायदा करून आगाऊ रक्कम घेणाऱ्यांपासून सावध राहावे.

दुकानदार बंधूंना आमची एकच सूचना आहे. माप बदलून देत असाल तर बिलावर जुने माप, नवे माप आणि व्यासातला फरक लिहून द्या. दोन मिनिटांचे काम आहे. भाड्याची गाडी असेल तर किलोमीटरचा फरकही तोंडी सांगा. एखादे गिऱ्हाईक ऐकून मूळ मापच घेईल आणि नफा थोडा कमी होईल. पण क्लच जळाल्यावर तेच गिऱ्हाईक चारचौघांत तुमचे नाव घेणार नाही.

आमच्या स्नेह्यांनी टायर उतरवले नाहीत. पैसे गुंतले होते. पाचवा टायर घेतला, तेल साडेनऊ हजारांवर बदलायचे ठरवले, विमा कंपनीला पत्र टाकले. भाडे ठरवताना ते आता मीटरवर शंभराला चार किलोमीटर मिळवतात, आणि असे का ते गिऱ्हाइकाला गाडीत बसण्याआधीच सांगतात.