स्लोचा स्क्रू सर्वांत शेवटी

समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने निमूट धावलेली जुनी गाडी टोलनाक्यावर उभी राहताच थरथरू लागते. पुढे जुन्या नागपूर–छत्रपती संभाजीनगर रस्त्याने येऊन वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाला चहासाठी थांबावं, तर इंजिनाचे फेरे वर-खाली होत होत शेवटी गाडी बंदच पडते. पळताना काही नाही, उभी असतानाच हिला काय होतं, असा मालकाचा प्रश्न असतो. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: ‘भाऊ, स्लो वाढवून देतो.’ स्क्रूड्रायव्हर फिरतो, मिनिटाला ८५० असलेले फेरे १,२०० वर जातात आणि थरथर दबते. काही दिवसांनी ती परत येते, कारण मूळ दोषाला कुणी हातच लावलेला नसतो.

इंजिनासाठी पळणं सोपं आणि जागेवर उभं राहणं अवघड आहे. पायडलवरून पाय काढला की त्याला फक्त स्वतःचं घर्षण, अल्टरनेटर आणि असेल तर एसीचा कॉम्प्रेसर ओढायचा असतो. ताकद थोडी कमी पडली तर बंद पडणार, थोडी जास्त झाली तर फेरे चढणार. हा तोल फार थोड्या हवेवर सांभाळायचा असतो. ही ‘थोडी’ म्हणजे किती, ते मोजून पाहता येतं.

हिशेबासाठी खास आपल्याकडचीच एक गाडी घेऊ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. फायबरग्लासची बॉडी आणि पुढे रेनो कंपनीचं ११४९ सीसीचं, सुमारे ६० अश्वशक्तीचं फ्युएल इंजेक्शन इंजिन. ताकदीच्या मानाने स्पोर्ट्स कार हे बिरुद जरा मोठंच होतं, पण वजन कमी असल्याने गाडी चपळ होती आणि दिसायची झोकात. आज ती रस्त्यावर क्वचितच दिसते. मुंबईत कुर्ल्याला बनलेली फियाट पॅलिओ १.६, पहिली होंडा सिटी, एमपीएफआय झेन आणि एस्टीम ही तिच्याच पिढीची मंडळी. दोष सगळ्यांचे सारखेच.

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. ८५० फेऱ्यांना ११४९ सीसीचं इंजिन मिनिटाला साधारण ४९० लिटर जागा रिकामी करतं. पण थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असल्याने मॅनिफोल्डमधला, म्हणजे झडप आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळीतला, दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम एक-तृतीयांशावर आलेला असतो. म्हणून बाहेरची खरी हवा आत जाते ती पावणेदोनशे लिटरच्या आसपास. हेच इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ५,००० फेऱ्यांना पळवलं तर मिनिटाला चोवीस-पंचवीसशे लिटर हवा घेतं. आता मॅनिफोल्डच्या एखाद्या रबरी नळीला दोन मिलिमीटरचं भोक पडलं असं समजा. त्यातून मिनिटाला पंचवीसेक लिटर हवा आत घुसते, म्हणजे स्लोवर लागणाऱ्या हवेचा सातवा हिस्सा. पूर्ण थ्रॉटलवर मॅनिफोल्डमध्ये पोकळीच उरत नाही, त्यामुळे तिथून हवा ओढलीच जात नाही. समृद्धीवर सगळं ठीक आणि किन्हीराजाला बिघाड, या कोड्याचं उत्तर एवढंच.

स्लोवर असताना थ्रॉटलच्या फटीत आणखी एक गंमत चाललेली असते. फटीच्या आतला दाब बाहेरच्या दाबाच्या ५३ टक्क्यांखाली गेला की फटीतून जाणारी हवा ध्वनीचा वेग गाठते आणि त्याहून जास्त वेगाने जाऊ शकत नाही. पुढे पोकळी कितीही वाढवा, फटीतून दर सेकंदाला तेवढीच हवा जाणार. वाशीम जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास. स्लोवर मॅनिफोल्डमध्ये तो ३० ते ४० असतो. म्हणजे ही अट आरामात पुरी होते. याचा फायदा असा की हवेचा पुरवठा ठरलेला असताना फेरे चुकून कमी झाले तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला जास्त हवा येते, धक्का जोराचा बसतो आणि फेरे पुन्हा वर येतात. फेरे वाढले तर उलट घडतं. कोणताही संगणक नसताना इंजिन मुळातच स्वतःला सावरत असतं. मात्र हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिळालं तरच.

पेट्रोल किती द्यायचं हे ठरवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, हवा दोनपैकी एका रीतीने मोजतो. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आली. ती मॅनिफोल्डमधला दाब पाहून हवेचा अंदाज बांधायची. नंतरच्या एल-जेट्रॉनिकने फिल्टरनंतरच्या वाटेवर मीटर बसवून हवा थेट मोजायला सुरुवात केली. आपली गाडी यातल्या कोणत्या घराण्यातली, हे आधी माहीत हवं, कारण एकच भोक दोघींत वेगळी लक्षणं दाखवतं. दाब पाहणाऱ्या गाडीत चोरून आलेल्या हवेनेही दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि स्लो उगाच चढून बसतो. मीटरवाल्या गाडीत ती हवा मीटरच्या पुढून आत शिरते, हिशेबात येतच नाही. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन ‘मिसिंग’ करू लागतं.

काही गाड्यांत फेरे १,००० आणि १,८०० यांच्या मध्ये ठरावीक तालात वर-खाली होत राहतात. त्याचं कारण असं: उतारावर पाय काढला की पेट्रोल वाचवण्यासाठी ईसीयू इंजेक्टर बंद करतो. थ्रॉटल बंद आहे आणि फेरे ठरलेल्या मर्यादेच्या वर आहेत, एवढंच तो पाहतो. जास्तीच्या हवेने स्लो त्या मर्यादेपलीकडे गेला की त्याला वाटतं गाडी उतारावर आहे. पेट्रोल बंद, फेरे खाली. पेट्रोल सुरू, फेरे वर. दुरुस्ती उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त झाली की कोणतीही नियंत्रण-व्यवस्था अशी झुलते. वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरमधलं हे झुलणं जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ च्या निबंधात गणिताने मांडलं होतं. विहिरीवरचं जुनं किर्लोस्कर डिझेल इंजिन गव्हर्नरच्या झिजलेल्या सांध्यांमुळे ‘धक-धक… धक’ करत झुलताना ज्याने ऐकलं आहे, त्याला हा आजार कानानेच ओळखता येईल.

तेव्हा शोध सुरू करायचा तो हवेपासून. आपल्या भागात पहिला संशयित उंदीर. आठवड्यातून एकदा बाहेर निघणारी गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी असेल तर बारक्या व्हॅक्यूम नळ्या आणि वायरी कुरतडल्या जाणारच. दुसरा संशयित उन्हाळा: वीस-पंचवीस वर्षं बॉनेटखालची उष्णता खाल्लेलं रबर वरून धड दिसतं, वाकवलं की भेगा उघडतात. गॅस किट बसवलेल्या गाडीत मिक्सरचा सांधा आणि बॅकफायरने फाटलेला हवेचा पाइप आधी पाहावा. (स्पोर्ट्स कारला गॅस किट बसवणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.) गळती शोधायला सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारून फेरे बदलतात का, हे पाहण्याची पद्धत आहे. तो फवारा पेट घेतो, तेव्हा गरम सायलेन्सरपासून लांब, उघड्यावर आणि बेताने. शहरातल्या चांगल्या गॅरेजात धूर सोडून गळती शोधणारं यंत्र असतं. ते अधिक सुरक्षित. एक-एक नळी पकडीने दाबून फरक ऐकणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

गळती नसेल तर थ्रॉटल बॉडी उघडून झडपेची कड पाहावी. मळणीच्या दिवसांतली धूळ आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ मिळून तिथे काळा थर जमतो. ध्वनीच्या वेगाने हवा जाणारी फट मुळात केसाएवढी. त्यात कार्बन बसल्यावर उरते काय? या झडपेला वळसा घालून हवा देणारा आयडल व्हॉल्व्हही असाच चिकटतो. एसी लावताच गाडी बंद पडत असेल तर बहुधा तोच दोषी. कॉम्प्रेसरचा भार आला की ज्याने वाट मोठी करायची, तोच जागचा हलत नाही. थ्रॉटल क्लीनरने साफ केल्यावर पुष्कळ गाड्या इथेच बऱ्या होतात आणि स्क्रूची गरजच उरत नाही.

विदर्भातल्या एका सवयीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. कार्ब्युरेटरच्या काळात ती फारशी अंगाशी येत नव्हती. इंजेक्शनच्या गाडीत ती चूकच आहे. ईसीयू पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पाहून ठरवतो की इंजिन थंड आहे की गरम. या सेन्सरचा विद्युतरोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओम, तर ८० अंशांना तीनशेच्या जवळपास असतो. थर्मोस्टॅट नसला की जानेवारीच्या सकाळी इंजिन ८० अंशांपर्यंत पोहोचतच नाही, ईसीयू त्याला थंड समजून पेट्रोल जास्त आणि स्लो चढा ठेवतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं. सेन्सरची वायर तुटली तर परिणाम आणखी वाईट. गाडी तापण्याची कारणं बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये नाहीतर पंख्यात असतात. थर्मोस्टॅट बिघडलाच असेल तर नवा बसवावा.

स्टॉर्मसारख्या फायबरग्लासच्या गाडीत अर्थिंगचा वेगळा त्रास असतो. पत्र्याची बॉडी स्वतःच परतीची वायर असते. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक अर्थ वायर लोखंडी सांगाड्यापर्यंत किंवा इंजिनापर्यंत न्यावी लागते. ही गाडी गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिली असेल तर ती टोकं हिरवी-पांढरी झालेली सापडतील. सेन्सर पाच व्होल्टच्या हिशेबाने बोलतात. गंजलेल्या अर्थमध्ये दोन-तीन दशांश व्होल्ट गळाले तरी ईसीयूला खोटे आकडे जातात. पॉलिश पेपरने टोकं घासून घट्ट करायला खर्च काहीच नाही.

आता पेट्रोलही बदललं आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की साडेतेराच्या आसपास पुरते. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक बऱ्याच अंशी भरून काढते. ज्या जुन्या गाडीत तो नाही, तिला पेट्रोल आता सात-आठ टक्के कमी पडतं, आणि आधीच गळती असेल तर दोन्ही मिळून स्लो ढासळतो. इथेनॉलने जुन्या रबराचं आयुष्यही घटतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या एकदा नव्या घेणंच बरं.

स्कॅनरवर फार भरवसा ठेवू नये. भारतात गाडीत स्वतःचे दोष नोंदवणारी प्रमाणित व्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत कंपनीगणिक वेगळी भाषा, किंवा चेक इंजिनच्या दिव्याच्या उघडझापीतून मोजायचे कोड. व्होल्टमीटर आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल इथे जास्त उपयोगी पडतं.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. तेही नियमाने: इंजिन पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा बंद असताना, एसी आणि दिवे बंद ठेवून, इग्निशन टायमिंग तपासून, आणि आयडल व्हॉल्व्हला मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे स्थिर करून. कारण व्हॉल्व्ह चालू असताना स्क्रू फिरवला तर ईसीयू उलट दिशेने सावरत राहतो आणि आपण सावलीशी कुस्ती खेळतो. फिरवायचा असतो तो झडपेला वळसा देणाऱ्या हवेचा स्क्रू. झडपेचा थांबा ठरवणारा, रंग लावून सील केलेला स्क्रू कंपनीत बसवलेला असतो. तो हलला की थ्रॉटल बंद झाल्याची खूण ईसीयूला मिळत नाही आणि स्लोचं सगळं नियंत्रणच थांबतं. बॅटरी काढून परत लावली असेल तर पुष्कळ गाड्यांना काही मिनिटं स्लोवर चालवून पुन्हा शिकू द्यावं लागतं. हे काम बंद गोठ्यात किंवा गॅरेजचं शटर ओढून कधीही करू नये: स्लोवरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही देत नाही, आणि माणूस मारतो.

शेवटी एक सोपी गोष्ट. अशा जुन्या पेट्रोल गाडीची पीयूसी (प्रदूषण) चाचणी ती स्लोवर ठेवूनच होते आणि पावतीवर दोन आकडे छापलेले असतात. बीएस-दोन आणि तीनच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १,५००. पहिला आकडा जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे, तापमानाचा सेन्सर आणि इंधनाचा दाब पाहावा. पहिला कमी आणि दुसराच चढा असेल तर एखादा सिलिंडर न जळता पेट्रोल बाहेर टाकतो आहे: प्लग किंवा हवेची गळती. पावती विम्याच्या कागदांत खोचून ठेवू नका. स्लोची तक्रार घेऊन जाल तेव्हा ती आधी मेकॅनिकच्या हातात द्या, स्क्रूड्रायव्हर नंतर.