लंगडणारी लावी आणि घरची शुश्रूषा

पोपट आणि कबुतरे यांच्या जोडीला आपल्यापैकी काही घरांत एक ठेंगणा, गोलमटोल पाहुणा नांदत असतो. इंदूर-ग्वाल्हेरकडचे आपण त्याला बटेर म्हणतो. मराठीतले त्याचे नाव लावा, आणि मादी ती लावी. घरी पाळली जाते ती जपानी जात. १९७४ साली ती अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणली गेली व पुढे देशभर पसरली. रानातल्या लाव्यांना मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते पकडू नयेत, पाळूही नयेत.

लावी फांदीवर बसत नाही. तिचे सारे आयुष्य जमिनीवर, म्हणजेच पायांवर चालते. त्यामुळे पाय दुखावला की दाणा, पाणी आणि ऊब ही तिन्ही तिला एकदम दुरावतात. शिवाय दुबळा जीव शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो, म्हणून पक्षी आपले दुखणे शक्य तोवर लपवितो. लावी उघडपणे लंगडताना दिसली, तर दुखणे जुने असू शकते हे ध्यानात ठेवावे.

कारणे बहुधा पिंजऱ्यातच सापडतात. जाळीत नखी अडकते, बोटाला दोरा किंवा केस गुंडाळतो, विष्ठेचे कडक गोळे बोटांना आवळतात. दचकलेली लावी सरळ वर उसळते आणि वेडीवाकडी आदळते. अंडी घालणाऱ्या मादीला चुना कमी पडला तर हाडे ठिसूळ होतात. पिलांना गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवले, तर त्यांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात.

आता शुश्रूषेविषयी. पक्षी मऊ फडक्यात अलगद धरावा, पण छाती दाबू नये. छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. मग दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहावे. सूज, उष्णता, जखम, रंगातला फरक ताबडतोब कळतो. दोरा असल्यास बारीक कात्रीने जपून कापावा. गोळे कोमट पाण्यात भिजवून सोडवावेत, ओढू नयेत. त्यानंतर एका बुटक्या खोक्यात जाडसर कापड अंथरून लावीला शांत, अंधूक, उबदार जागी ठेवावे. दाणा आणि उथळ पाणी चोचीजवळ असावे. सोबतिणींपासून वेगळे करावे, कारण त्या जखमेवर चोची मारतात. मात्र त्यांचा आवाज कानी पडू द्यावा. रोज तराजूवर वजन करावे. ते घटू लागले, तर ती दाणे टिपताना दिसली तरी पोटात पुरेसे जात नाही असे समजावे.

आपल्या घरांतील मायाळू हातांना हळद-तेलाचा लेप आणि काडीची पट्टी तत्काळ सुचते. येथेच थांबावे. तेलाने पिसे चिकटतात आणि अंगाची ऊब जाते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा तुकडाही दीडदोनशे ग्रॅमच्या जिवाला घातक ठरू शकतो. लावीच्या पायात मागे वळलेला जो सांधा आपण गुडघा समजतो, तो वस्तुतः घोटा होय. खरा गुडघा पिसांत दडलेला असतो. अशा पायाला अंदाजाने आवळलेली पट्टी रक्त अडविते, आणि वाचू शकणारा पाय गमवावा लागतो.

पण न बांधणे म्हणजे वाट पाहत बसणे नव्हे. पक्ष्याचे हाड सुमारे तीन आठवड्यांत जुळते, आणि वाकडे असेल तर वाकडेच जुळते. पाय लोंबत असेल, हाड दिसत असेल किंवा बोटे थंड व काळसर पडली असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. इंदूरकरांना महू, बडोदेकरांना आणंद आणि हैदराबादकरांना राजेंद्रनगर येथील पशुवैद्यक महाविद्यालये जवळ आहेत. पिलाचे फाकलेले पायही पहिल्या काही दिवसांतच मऊ पट्टीने जवळ आणता येतात; पुढे ते कठीण होते.

पाय अधू राहिलाच, तरी सारे संपले असे मानू नये. एका पायावर लावी सुखाने जगू शकते. मात्र सगळा भार दुसऱ्या तळव्यावर पडून तेथे गाठ व पू होतो, म्हणून अंथरूण मऊ आणि कोरडे ठेवावे. ती खात नसेल, वेदना हटत नसतील, तर सुटकेचा निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावा. तोही दयेचाच भाग आहे.

दोन-तीन वर्षांचे आयुष्य आणि मूठभर देह, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, ज्याचे दार आपण बंद केले, त्याच्या दुखण्याची जबाबदारी आपलीच.