ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मोबाईलला नेट: जोडण्याआधी हे वाचा

आंबोलीचा पाऊस कोकणात कुणाला सांगायला नको. वर्षाला ७००० मिलिमीटरहून जास्त. घाटात झाड पडलं, लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की मोबाईलची रेंजही जाते. फोन मग नुसता खिशातली बॅटरी. पण कामाच्या ठिकाणी, हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा एखाद्या कार्यालयात, कॉम्प्युटरवर नेट चालू असतं, कारण ते केबलने आलेलं असतं आणि टेबलाखाली इन्व्हर्टर असतो. मग मनात येतंच: हेच नेट आपल्या फोनला का मिळू नये?

गरज खोटी नसते. अब्बा आखातात असतात, त्यांचा व्हिडीओ कॉल यायचा असतो. बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते. अम्मीला हजचा अर्ज कुठवर आला ते बघायचं असतं. म्हणून हे नेमकं कसं चालतं, कुठे अडतं आणि आपल्या नोकरीवर कसं येऊ शकतं, ते आम्ही इथे सोप्या भाषेत सांगतो.

केबल लावली तरी नेट का येत नाही?

बरेच जण चार्जिंगची केबल कॉम्प्युटरला लावतात आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करतात. ही उलटी गंगा आहे. टेदरिंग म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं. कॉम्प्युटरचं नेट केबलने फोनला द्यायचं तर वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि फोनमधली 'डीबगिंग' ही सोय उघडावी लागते. ती उघडी राहिली तर फोन परक्या कॉम्प्युटरच्या हातात जाऊ शकतो. त्या वाटेला न गेलेलं बरं.

दुसरा मार्ग हॉटस्पॉटचा. विंडोज १० मध्ये २०१६ पासून 'मोबाईल हॉटस्पॉट' ही सोय आहे. कॉम्प्युटरला वाय-फाय असेल तर एका बटणावर तो आठ फोनपर्यंत नेट वाटू शकतो. घरच्या लॅपटॉपवर हे सहज चालतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र हे बटण पुष्कळदा बंद केलेलं असतं. ते बिघडलेलं नसतं, मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

'कनेक्टेड' दिसतं, पण व्हॉट्सअप हलत नाही

समजा, हॉटस्पॉट चालू झाला. तरी फोनवर काहीच उघडत नाही. याचं कारण बहुतेक वेळा प्रॉक्सी असतं. प्रॉक्सी म्हणजे ऑफिसच्या दारातला वॉचमन. आतून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती त्याच्याकडून जाते. तो नाव-पासवर्ड विचारतो आणि कोणती साईट चालेल ते ठरवतो. कॉम्प्युटरमध्ये त्याचा पत्ता भरलेला असतो, फोनमध्ये नसतो. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये तो भरला तर ब्राउझर चालेल, पण बरीच ॲप हे सेटिंग पाळतच नाहीत. म्हणून गूगल उघडतं आणि कॉल लागत नाही.

काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन फोनमध्ये ऑफिसचं सर्टिफिकेट टाकायला सांगतात. इथे थांबा आणि विचार करा. ते सर्टिफिकेट टाकलं की ब्राउझरमधून जाणारा मजकूर, अगदी कुलूपबंद साईटवरचाही, ऑफिसला वाचता येऊ शकतो. ज्या फोनवर बँकेचं काम आणि घरातले फोटो आहेत, त्या फोनवर ते टाकू नये.

ऑफिस का अडवतं?

साहेबांना आपलं सुख बघवत नाही, असं नाही. आपल्या फोनमध्ये कुठून तरी घेतलेलं एखादं खराब ॲप असेल, तर हॉटस्पॉटमधून ते ऑफिसच्या भिंतीच्या आत येतं. त्याच भिंतीआड ग्राहकांचे आधार क्रमांक, पगाराच्या फाईली, रुग्णांचे कागद असतात. लोकांनी विश्वासाने दिलेली ती अमानतच आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. कोण, कधी, कुठे गेलं याची नोंद राहते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशाप्रमाणे अशा नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. समजा, आपण हॉटस्पॉटचा पासवर्ड शेजारच्या दोन मुलांना दिला आणि त्यातल्या एकाने नको ते उघडलं. नोंदीत त्याचं नाव नसतं, आपलं असतं. उद्या विचारणा झाली तर 'मी नव्हे' हे सिद्ध करायचं कसं?

तिसरी गोष्ट कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर किंवा नेटवर्क वापरणं येतं. त्यासाठी भरपाई द्यावी लागू शकते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फोनला नेट जोडलं म्हणून कुणी लगेच तुरुंगात जात नाही. पण बंद केलेलं बटण चोरवाटेने उघडणं आणि विचारून वापरणं, यात फरक आहे. नोकरी जायला तर कलमही लागत नाही.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे, विचारा. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट' वाय-फायची सोय असते. त्यावर फोनला नेट मिळतं, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचता येत नाही. हॉटेलात पाहुण्यांसाठी ते बहुधा असतंच. दोन ओळींचा अर्ज पुरतो: 'पावसाळ्यात रेंज नसल्याने घरच्या तातडीच्या निरोपासाठी जेवणाच्या सुट्टीत गेस्ट वाय-फाय वापरण्याची परवानगी मिळावी. त्यावर ऑफिसचं काम किंवा डाउनलोड करणार नाही.' होकार लेखी घ्या, साधा मेसेजही चालेल.

दुसरं, काम नेमकं कशावर अडलंय ते बघा. ओटीपीच्या एसएमएसला नेट लागत नाही, फक्त रेंजची एखादी काडी लागते. ती जिथे मिळते तिथे फोन ठेवा, फॉर्म कॉम्प्युटरवर भरा. अर्थात तेही विचारूनच.

तिसरं, फक्त व्हॉट्सअपचे निरोप वाचायचे असतील तर ते कॉम्प्युटरवर उघडता येतं. एकदा जोडलं की फोनला नेट नसलं तरी १४ दिवसांपर्यंत चालतं. घरी निघताना लॉगआउट करायला विसरू नका, नाहीतर घरच्या गप्पा दुसऱ्या पाळीतला माणूस वाचेल.

चौथं, पैसे पाठवायचे असतील तर *९९# डायल करून यूपीआय नेटशिवाय चालतं. बँकेत नोंदवलेला नंबर आणि रेंज असली की पुरे.

पाचवं, घरी किंवा दुकानात केबलचं ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. जिओ आणि एअरटेल दोघांकडे ही सोय २०२० च्या सुरुवातीपासून आहे. रेंज नसतानाही नेहमीच्या नंबरवर कॉल येतो आणि जातो.

आणि आई-वडिलांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कामावर असताना 'ऑनलाईन का नाहीस' म्हणून रागावू नका. फोनला नेट नसेल तर कामाच्या ठिकाणचा लँडलाईन नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. अडीनडीला तोच सगळ्यात आधी उपयोगी पडतो.